तुरटी, लाकडाचा ओंडका आणि इओसिनोफिल

सर्दी-शिंका हटत नाहीत म्हणून डॉक्टरांनी कधी तुम्हाला सीबीसी करायला सांगितलं असेल, तर रिपोर्टमध्ये एक ओळ नक्की पाहिली असेल. 'इओसिनोफिल्स', आणि पुढे काहीतरी टक्के. आकडा जास्त असला की डॉक्टर म्हणतात, "ॲलर्जी दिसतेय." आपण मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि विसरून जातो.

आता ह्या शब्दाची जरा फोड करून बघा. 'फिल' म्हणजे आवड असणारा. आणि 'इओसिन' हा एक रंग आहे. कपडे रंगवायचा! हाइनरिश कारो नावाच्या जर्मन केमिस्टने १८७४ मध्ये बीएएसएफ कंपनीत तो तयार केला. पहाटेच्या आकाशासारखा गुलाबी, म्हणून ग्रीकांच्या उषादेवीचं नाव, इओस. म्हणजे बघा, तुमच्या-माझ्या रक्तात लाखो वर्षं फिरणाऱ्या पेशीचं नाव ती काय काम करते ह्यावरून पडलेलं नाही. रेशीम रंगवायचा एक गुलाबी रंग तिला चिकटतो, म्हणून पडलंय.

आणि ही एकटीच नाही. बेसोफिल म्हणजे अल्कधर्मी रंग आवडणारी, न्यूट्रोफिल म्हणजे दोन्ही रंगांच्या मिश्रणाने रंगणारी. क्रोमोसोम, म्हणजे आपलं गुणसूत्र, ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'रंगीत वस्तू' असा आहे. गुणसूत्रं मुळात अजिबात रंगीत नसतात. पण वाल्डेयर साहेबांनी १८८८ मध्ये हे नाव दिलं तेव्हा त्यांच्याबद्दल खात्रीने सांगता येण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे ती रंग पितात.

शाळेत नववी-दहावीत पेशी, केंद्रक, ऊती वगैरे घोकताना पुस्तकातली सगळी चित्रं गुलाबी-जांभळी असायची. हा रंग निसर्गाने दिलेला नाही, रंगाऱ्याने दिलेला आहे. आजच्या वीकएंडचा विषय हाच.

ह्या विषयात मी शिरलो त्याचं कारण घरगुती आहे. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या मानेतली एक गाठ काढून तपासायला पाठवली. "रिपोर्ट चार-पाच दिवसांनी" असं सांगितलं. घरात कोणी काही बोलत नव्हतं, पण फोन वाजला की सगळे दचकायचे. दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, "अरे, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं ना? मग ह्याला एवढे दिवस का लागतात?" घरातला कॉम्प्युटरवाला मी, म्हणून प्रश्न मला. रिपोर्ट चांगला आला, मावशी ठणठणीत आहे. पण प्रश्न डोक्यात राहिला. उत्तर शोधत गेलो ते थेट सतराव्या शतकातल्या समुद्री चाच्यांपर्यंत पोचलो. खरंच!

आधी मूळ अडचण समजून घेऊ. शरीरातला एखादा तुकडा कापून नुसता मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काय दिसतं? जवळजवळ काहीच नाही. एक तर तो जाड असतो, प्रकाश आरपार जात नाही. पातळ काप घेतला तर उलटी पंचाईत. पेशीत बहुतांश पाणी, आणि आतल्या सगळ्या भागांची पारदर्शकता थोड्याफार फरकाने सारखीच. स्वच्छ काचेच्या ग्लासात स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून वर पाणी भरा आणि लांबून गोट्या मोजा, तसं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या झाडाच्या सालीत पहिल्यांदा 'सेल' पाहिले ते दिसले, कारण त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत प्राण्याच्या मऊ ऊतीत अशा भिंती नसतात.

१८३० च्या आसपास जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांमधला रंगदोष खूप कमी केला. मायक्रोस्कोप एकदम चांगले झाले. पण डिस्प्ले कितीही भारी आणलात तरी दाखवायला कॉन्ट्रास्टच नसेल तर काय उपयोग? आपल्या भाषेत सांगायचं तर हजारो ओळींचा कोड साध्या नोटपॅडमध्ये उघडल्यासारखं. सगळं समोर आहे, पण कुठे काय सुरू होतं ते कळत नाही. हवं होतं सिंटॅक्स हायलायटिंग.

तसे प्रयत्न आधीपासून चालू होते. लेव्हेनहूकने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्नायूंचे तंतू नीट दिसावेत म्हणून चक्क केशर वापरून पाहिलं होतं. पण ज्याच्यामुळे ही गोष्ट पद्धत म्हणून रुजली तो माणूस म्हणजे जर्मनीतल्या एर्लांगेनचा योसेफ फॉन गेरलाख. साल १८५८. त्याने कारमाइन हा लाल रंग वापरला. हा रंग निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून करतात. आपण मराठीत 'किरमिजी' म्हणतो ना, तो शब्द आणि 'कारमाइन' हे एकाच मुळातून आलेत, अरबी-फारसीतल्या किरमिज ह्या किड्याच्या नावावरून.

गेरलाखचा घट्ट रंग सगळ्यावरच बसायचा आणि नुसता लाल चिखल व्हायचा. मग गोष्ट अशी सांगतात, की मेंदूचा एक काप रात्रभर अगदी पातळ रंगाच्या पाण्यात पडून राहिला. सकाळी बघतो तर चेतापेशी आणि त्यांची केंद्रकं लालबुंद, आणि आजूबाजूचा भाग फिका. कमी रंग आणि जास्त वेळ! पेशीचे वेगवेगळे भाग रंगाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं. म्हणजे रंग आता नुसती सजावट राहिला नाही. रंग देणं म्हणजे पेशीला एक प्रश्न विचारणं झालं.

आता चाच्यांकडे येऊ :)

मेक्सिकोच्या युकातान भागात, कांपेचेच्या आसपास, एक वेडंवाकडं काटेरी झाड वाढतं. इंग्रजीत लॉगवुड. लिनियसने त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं हेमॅटॉक्सिलम, म्हणजे 'रक्त-लाकूड', कारण आतला गाभा लालसर. माया लोकांना ह्या लाकडाचा रंग माहीत होता. स्पॅनिश आले, त्यांनी ओंडके युरोपात न्यायला सुरुवात केली. त्यातून काळा, निळा, जांभळा असे रंग निघायचे आणि काळ्या कापडाला युरोपात भरपूर मागणी होती. इंग्लंडने १५८१ मध्ये कायदा करून ह्या रंगावर बंदी घातली. कारण काय दिलं, तर रंग टिकत नाही, गिऱ्हाइकाची फसवणूक होते. (माल स्पेनचा होता हेही आहेच.) बंदी उठली १६६२ मध्ये. मग तर इंग्रज लाकूडतोडे स्वतःच तिथल्या दलदलीत घुसले. त्यात चाचेगिरी सोडलेले, अर्धवट सोडलेले आणि पुन्हा धरायच्या बेतात असलेले असे सगळे. विल्यम डँपियर हा प्रसिद्ध चाचा-प्रवासी १६७० च्या दशकात तिथे ओंडके तोडत होता. १७६३ च्या पॅरिस तहात स्पेनने इंग्रजांना लॉगवुड तोडायचा हक्क दिला असं कलमच आहे. आजचा बेलीझ हा देश म्हणजे ह्या लाकूडतोड्यांच्या वस्तीचीच पुढची कहाणी.

रंग टिकत का नव्हता आणि नंतर टिकायला का लागला? ह्यात खरी मेख आहे. लॉगवुडचा रंग एकटा धाग्याला धरून राहत नाही. त्याला मध्यस्थ लागतो, एखाद्या धातूचा क्षार. एका हाताने धाग्याला धरतो, दुसऱ्या हाताने रंगाला. सगळ्यात साधा मध्यस्थ म्हणजे तुरटी. हो, आपली न्हाव्याकडची तुरटी. आपल्याकडचे रंगारीसुद्धा मंजिष्ठेचा लाल रंग पक्का करायला पिढ्यान् पिढ्या तुरटी वापरत आले.

आता १८६३ साल. तोच तो पुढे क्रोमोसोम शब्द देणारा वाल्डेयर लॉगवुडचा अर्क ऊतीच्या कापांवर वापरून बघतो. निकाल यथातथाच. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, बोमर नावाचा दुसरा जर्मन तोच अर्क घेतो आणि त्यात तुरटी घालतो. झालं! केंद्रकं गडद निळी-जांभळी, स्वच्छ, टिकाऊ. जे ज्ञान कापड रंगवणाऱ्या कुठल्याही रंगाऱ्याच्या घरात होतं, ते प्रयोगशाळेत पोचायला तेवढा वेळ गेला. हात रंगात बुडवणारे आणि पुस्तकं लिहिणारे एकमेकांशी बोलत नसले की असं होतं. आपल्या ऑफिसात सपोर्ट टीम आणि आर्किटेक्ट लोकांचं काय असतं, वेगळं सांगायला नको.

ह्यामागचं रसायनशास्त्र थोडक्यात. लाकडातलं मूळ द्रव्य हेमॅटॉक्सिलीन. ते स्वतः जवळजवळ रंगहीन असतं. हवेने ऑक्सिडीकरण होऊन त्याचं हेमाटीन झालं की रंग येतो. म्हणून जुने लोक बाटल्या आठवडेच्या आठवडे उन्हात 'पिकायला' ठेवायचे, लोणच्याच्या बरणीसारख्या. तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जोडलेल्या हेमाटीनवर धन विद्युतभार असतो. डीएनएमधल्या फॉस्फेटवर ऋण भार. म्हणून तो केंद्रकात जाऊन बसतो. इओसिनचं बरोबर उलटं. तो ऋण भाराचा, त्यामुळे पेशीद्रव्यातल्या आणि आसपासच्या प्रथिनांना धरतो. १८७६ मध्ये हे दोन्ही एकाच कापावर वापरल्याचं प्रसिद्ध झालं. केंद्रक जांभळं, बाकी गुलाबी. ह्यालाच आज 'एच अँड ई' म्हणतात. गंमत बघा, तेव्हा डीएनएची रचना कोणालाच माहीत नव्हती, ती कळायला १९५३ उजाडलं. का चालतं माहीत नाही, पण चालतं, म्हणून पुढे वापरत राहिले. असा कोड आपण सगळ्यांनीच पाहिलाय!

इओसिन ज्या लाटेतून आला ती लाट सुरू झाली होती लंडनमध्ये. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत विल्यम पर्किन हा १८ वर्षांचा पोरगा घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग, मॉव्ह. डांबरापासून रंग बनवायचा उद्योगच उभा राहिला आणि बघता बघता जर्मनांनी तो काबीज केला. दर वर्षी नवे रंग बाजारात. ते कपड्यांसाठी होते, पण दुकानातून बाटली आणून पेशींवर टाकून बघायला कोण अडवणार?

ह्या खेळातला सगळ्यात वेडा गडी म्हणजे पाउल एरलिख. जन्म १८५४. नात्यातला कार्ल वायगर्ट आधीच ऊती रंगवण्यात मुरलेला होता, त्याच्याकडून हे वेड लागलं. विद्यार्थी असताना एरलिखचं टेबल, हात, कपडे सगळं रंगांनी माखलेलं असायचं. १८७८ मध्ये त्याने प्रबंध लिहिला तोही ऊती रंगवण्याच्या शास्त्रावरच. १८७९ मध्ये रक्ताच्या थेंबावर वेगवेगळे रंग टाकून त्याने पांढऱ्या पेशींची वर्गवारी केली. सुरुवातीला पाहिलेला इओसिनोफिल इथला.

२४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हा एरलिख समोर बसलेला होता. कॉखची रंगवायची पद्धत किचकट होती. एरलिख लगेच कामाला लागला. सांगतात की त्याने स्लाइड्स रात्री विझलेल्या शेगडीवर वाळत ठेवल्या, सकाळी मोलकरणीने शेगडी पेटवली, आणि उष्णतेने रंग जंतूत इतका छान शिरला की ॲसिडने धुतला तरी निघेना. शेगडीचं खरंखोटं काहीही असो, हा 'ॲसिडला दाद न देणारा' गुण खरा. झील आणि नीलसेन ह्यांनी पुढच्या वर्षभरात सुधारलेल्या पद्धतीत स्लाइड गरम करायची पायरी आहेच. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून टीबी ओळखायचं काम दशकानुदशकं ह्याच पद्धतीने झालं. पुढे काही वर्षांनी एरलिखला स्वतःला क्षय झाला, आणि तो त्याने स्वतःच्याच थुंकीत रंग टाकून ओळखला. हवापालटासाठी तो इजिप्तला गेला आणि बरा होऊन आला.

पण एरलिखची खरी झेप पुढे आहे. त्याच्या डोक्यात एक साधा विचार घोळत होता. एखादा रंग जर फक्त जंतूलाच चिकटतो आणि शेजारच्या पेशीला शिवत नाही, तर त्याच रस्त्याने विष पाठवता येईल का? फक्त जंतूला मारणारं? १८९१ मध्ये त्याने मेथिलीन ब्लू, हाही कारोनेच बनवलेला रंग, मलेरियाच्या दोन रुग्णांना दिला आणि त्यांना गुण आला. मग शेकडो संयुगं एकामागून एक तपासणं सुरू झालं. १९०९ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत जपानी सहकारी हाता ह्याने ६०६ क्रमांकाचं संयुग पुन्हा तपासलं आणि ते सिफिलिसवर चाललं. सालवारसान ह्या नावाने १९१० मध्ये ते बाजारात आलं. पुढे ह्याच विचाराने डोमाकने प्रॉन्टोसिल हा लाल रंग जंतूंवर वापरला. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये कळलं की त्यातला खरा गुणकारी भाग रंगहीनच आहे, सल्फानिलामाइड. रंगाच्या मागे जात जात औषध मिळालं, आणि मिळाल्यावर कळलं की रंगाची गरजच नव्हती!

आता वडिलांचा प्रश्न. चार दिवस का? तर गाठ काढली की ती आधी फॉर्मालिनमध्ये बुडवतात, म्हणजे कुजायची थांबते आणि घट्ट होते. हा शोध १८९३ चा. फर्डिनांड ब्लुम फॉर्मालिन जंतुनाशक म्हणून तपासत होता आणि त्याच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली, त्यावरून त्याला सुचलं. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तुकड्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं, त्या जागी वितळलेलं पॅराफिन मेण भरायचं. मेणाची वडी गार झाली की मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचे काप काढायचे, केसाच्या जाडीच्या साधारण पंधराव्या भागाइतके. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा, आणि मग मेण काढून पुन्हा उलट्या क्रमाने पाण्यापर्यंत यायचं, कारण रंग पाण्यातले. मग हेमॅटॉक्सिलीन, नळाचं पाणी, इओसिन. शेवटी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला माणूस. गरज पडली तर आणखी काप, आणखी वेगळे रंग. ह्यातली बरीच कामं आता मशीन करतं, पण मेणाला तुकड्यात शिरायला जो वेळ लागतो तो लागतोच. जास्त रॅम टाकून तो कमी होत नाही.

घाई असेल तर शॉर्टकट आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये विल्यम मेयोने आपल्या पॅथॉलॉजिस्टकडे, लुई विल्सनकडे, मागणी केली की पेशंट टेबलावर असतानाच कॅन्सर आहे की नाही ते कळायला हवं. १९०५ चा हिवाळा होता. विल्सनने तुकडे खिडकीबाहेरच्या थंडीत गोठवून बघितले, काप काढले, मेथिलीन ब्लूने रंगवले, आणि उत्तर मिनिटांत मिळालं. फ्रोझन सेक्शन आजही ऑपरेशन चालू असताना करतात. पण पक्क्या रिपोर्टसाठी मेणाची वडी लागतेच. तिचा एक मोठा फायदा म्हणजे ती वर्षानुवर्षं टिकते. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळा उभ्या करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर तोंडाचा कॅन्सर आणि कुष्ठरोगाचा अभ्यास करू शकले, त्यामागे अशाच हजारो रंगवलेल्या कापांची बैठक आहे.

आणि एवढ्या सगळ्याचा भार कशावर? एका झाडावर. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून रंग यायचे बंद झाले तेव्हा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांची तारांबळ उडाली. जे पर्यायी रंग मिळाले त्यांचा दर बाटलीमागे निकाल वेगळा. त्यातून १९२० च्या दशकात तिथे रंग तपासून प्रमाणित करणारं मंडळच बनलं. पुढे २००८ मध्ये हेमॅटॉक्सिलीनचाच तुटवडा झाला. ते आजही लॉगवुडच्या झाडातूनच काढतात, कारखान्यात बनवणं परवडत नाही. तेव्हा पर्याय म्हणून ज्या रंगांकडे लोक वळले त्यात ब्राझिलीन होतं, हेमॅटॉक्सिलीनचं रसायनातलं सख्खं भावंड, फक्त एका ऑक्सिजन अणूचा फरक. हे ब्राझिलीन ज्या झाडांत मिळतं त्यातलं एक म्हणजे आपलं पतंगाचं लाकूड, आयुर्वेदात आणि रंगकामात जुन्या काळापासून ओळखीचं.

आता स्लाइड्स स्कॅन होतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पहिल्यांदा स्कॅन केलेल्या स्लाइडवरून निदान करणाऱ्या प्रणालीला मान्यता दिली. आमच्या क्षेत्रातले बरेच लोक ह्या चित्रांवर मॉडेल ट्रेन करतायत. आणि त्यांची एक मोठी डोकेदुखी कोणती माहितीये? दर लॅबचा गुलाबी वेगळा आणि जांभळा वेगळा. एका हॉस्पिटलच्या स्लाइडवर शिकलेलं मॉडेल दुसरीकडच्या रंगाने गोंधळतं. म्हणून आधी रंग सारखे करायचा एक वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागतो. म्हणजे महागडे जीपीयू लावून आपण शेवटी सोडवतोय काय, तर १५८१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने काढली तशीच तक्रार: रंगाचा भरवसा नाही!

मला ह्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की आपल्याला पेशी 'दिसते' म्हणजे नेमकं काय होतं, हे विसरायचं नाही. आपल्याला दिसतं ते रंग जिथे चिकटला तेवढंच. जिथे चिकटला नाही तिथेही काहीतरी असतं. गोल्जीने चांदीच्या क्षारांनी मेंदूच्या पेशी रंगवल्यावर काय रणकंदन झालं ती गोष्ट ह्याच मुद्द्यावरची आहे, पण ती एवढी मोठी आहे की तिला एक अख्खा रविवार लागेल.

असो. लांबलंच जरा. पुढच्या वेळी सीबीसीचा कागद हातात आला, तर इओसिनोफिलच्या ओळीवर क्षणभर थांबा. तिथे एक उषादेवी आहे, एक रंगाचा कारखाना आहे, आणि हात कोपरापर्यंत रंगात बुडालेला एक जर्मन पोरगा आहे.